हाक नावाची भाषा

ही भाषा मी रागाच्या भरात बनवली, हे आधीच कबूल करते. मागून कोणी म्हणू नये का मोनालीनं समाजसेवा केली. समाजसेवा-बिवा काई नाई. डोकं फिरलं होतं माहं.

धानोऱ्याले एकोणीस गावांच्या ग्रामसभांचं मिळून एक ऑफिस आहे. चंद्रपूरले इंजिनिअरिंग करून आली तवापासून मी तिथी काम करते. काम एकच, हत्ती. काही वर्षांमागं छत्तीसगडाकडून एक कळप आमच्या रानात उतरला आन इथलाच होऊन बसला. कळपामागं फिरणारे आमचे चार माणसं रोज फोन करून सांगतात, आज हत्ती कुठी आहेत. तेवढं मी कॉम्प्युटरमधी टाकलं, का ज्या गावाजवळ कळप असन त्या गावातले फोन वाजतात आन माह्या आवाजात निरोप ऐकू येतो. ऐकायले सोपं आहे.

पण प्रत्येक गावाची गोठच वेगळी. एक गाव म्हणे, शनिवारी आमच्या बाया बाजारातून खालच्या रस्त्यानं येतात, शनिवारी पहिले त्याईले फोन लाव. दुसरं म्हणे, माणसं बांबू तोडायले गेले असले तं घरचे फोन वाजवून काय फायदा? तिसरं म्हणे, अध्यक्षाले लावू नको, त्याचा फोन बंदच राह्यते. दर वेळी मी प्रोग्राम उघडायचा, बदलायचा, तपासायचा, बंद करायचा. ऐन धान रोवण्याच्या दिवसात एका दिवशी तेरा फोन आले. तेराव्या फोनवर एक सचिव मले म्हणते, "बाई, तुमाले ताप-बीप आला तं आमच्या गावाचं कोण बदलन?"

"तुमच्या हातानं बदला न मंग!" अशी ओरडली मी त्याच्यावर.

फोन ठेवल्यावर वाटलं, खरंच, काऊन नाई बदलू शकत हे लोक? हत्ती त्याईच्या धानात शिरते. रस्ता त्याईले माहीत, कोण कुठी राह्यते ते त्याईले माहीत. मले काय माहीत? मले फक्त ते कॉम्प्युटरले सांगायची भाषा येते. तेवढ्यासाठी एकोणीस गावं माह्या दारात उभे. मंग भाषाच अशी पाह्यजे जी त्याईले येते. त्याच संध्याकाळी बसली.

कॉलेजातला माहा दोस्त पवन, वरोऱ्याचा, आता नागपुरात मोठ्या कंपनीत आहे. त्याले फोनवर सांगतलं तं तो हसून हसून लोळला. "अबे, जगात एवढ्या भाषा पडल्या आहेत. पायथन शिकव न त्याईले! तू काय नवीन भाषा काढून राह्यली, धानोऱ्यात बसून?"

"मंग कुठी बसून काढतात?" मी म्हणलं. "तुह्या एसीत?"

पण त्याच्याशी भांडता भांडताच भाषा घडली, हेही खरं. तो म्हणे, 'जर' घे, 'जर-तर' शिवाय भाषा होतच नाई. मी म्हणलं, आमच्याकडं जर-बिर कोणी म्हणत नाई. हत्ती येणारच आहे, फक्त कवा ते माहीत नाई. म्हणून मी 'जवा' घेतलं. जवा असं होईन, तवा असं कर. मंग 'हाक दे' घेतलं, कारण रानात माणूस माणसाले हाकच देते. तेच भाषेचं नाव झालं, हाक. एका ओळीत एकच काम. कंस नाई, ठिपके नाई. सारे मिळून दहा शब्द. एका गावाचा नियम असा दिसे:

जवा कळप नाल्याजवळ
तवा हाक दे खालच्या टोल्याले
मंग हाक दे शाळेले

टोला म्हणजे वस्ती. कोणत्या टोल्यात कोणाकोणाचे फोन, ते गावानं एका कागदावर लिहून द्यायचं. बाकी सारं कॉम्प्युटर पाहून घेईन.

फोनवर नियम लिहिताना कोणाचं चुकलं तं काय दाखवायचं, यावर माहे आठ दिवस गेले. पहिले मी 'चूक, ओळ तीन' असं ठेवलं होतं. लोक ते पाहून फोन खालीच ठेवून देत, मास्तरनं छडी उगारल्यावानी. मंग मी ते बदललं. 'तिसऱ्या ओळीत कोणाले हाक द्यायची ते राह्यलं.' तवापासून लोक हसून दुरुस्त करू लागले. पवनले हे पाठवलं तं पहिल्यांदा तो हसला नाई.

दिवाळीपर्यंत अठरा गावांनी आपापले नियम आपल्या हातानं लिहिले. त्या तेराव्या फोनवाल्या सचिवानं तं नऊ ओळींचा लिहिला, आन वरून मलेच शिकवून राह्यला. एकच गाव राह्यलं होतं. कोसमटोला. माहं गाव.

गावात आमची पन्नासक घरं. घरं नाल्याच्या इकडं, धानाचे बांध दोन्हीकडं. नाल्यापल्याड उगवतीले एक बारकीशी पहाडी आहे. आमच्या सभेत मत घेत नाई. हात वर करा, मोजा, जास्ती तिकडं सारे, असं आमच्याकडं चालत नाई. साऱ्याईचं पटलं तं होते. एकाचंही पटलं नाई तं त्या दिवशी होत नाई, पुन्हा बसायचं. हे मले जन्मापासून माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आन स्वतःवर येणं वेगळं.

सभा बसली तवा कळप तीन दिवसांच्या वाटेवर होता. धान पिवळं होऊन उभं. मी नियम वाचून दाखवला. पहिले साऱ्या घराईले हाक. मंग डबे वाजवून, फटाके लावून कळपाले नाल्यापल्याड पहाडीकडं वळवायचं. आमचे अध्यक्ष चैतूभाऊ म्हणाले, बरोबर आहे. सारे म्हणाले, हौ. आन कोपऱ्यातून आवाज आला, "हिल्ले."

गोंडीत हिल्ले म्हणजे नाई. बोलली ती सुकरीबाई. सत्तरीची असन. नवरा गेला, लेकरू नाई. कापणीच्या दिवसात ती नाल्यापल्याड आपल्या बांधावर खोपडी, म्हणजे गवताची झोपडी, करून एकटीच राह्यते.

"काऊन बाई?" चैतूभाऊनं विचारलं.

"ह्या लिवल्यात मी कुठी हाय?" ती म्हणाली. "माह्यापाशी फोन नाई. तुमी हत्तीले माह्याकडंच हाकलून राह्यले. मी गावातली नाई का?"

मी म्हणलं, "बाई, फोन देतो आमी तुमाले."

"तिकडं टावर भेटत नाई, पोरी. तुले माहीत नाई का?"

माहीत होतं न. मंग मले राग आला. खरं सांगते, तिचं बरोबर होतं म्हणूनच आला. भर सभेत मी म्हणलं, "एका माणसासाठी साऱ्या गावाले अडवून ठेवून राह्यली का बाई तुमी?"

माह्या बाबानं, म्हणजे इसरूनं, मान खाली घातली. चैतूभाऊ उठता उठता एवढंच म्हणाले, "सभा एकासाठीच थांबत असते, मोनाली. साऱ्याईसाठी कायले थांबन?"

घरी आली. लॅपटॉप उघडला. चाबी माह्याचकडं होती. एक बटण दाबलं असतं तं नियम चालू झाला असता, कोणाले पत्ताही लागला नसता. बोट ठेवलं होतं मी, खोटं काऊन बोलू? बाबा दारात पाय पसरून बसला होता. आदल्याच दिवशी विळा लागून त्याच्या पायाले मोठी जखम झाली होती, तिच्यावर फडका बांधत होता. माह्याकडं न पाहताच म्हणाला, "चालू कराचं असन तं कर. फक्त वर गावाचं नाव लिवू नोको. तुहं लिव."

मी लॅपटॉप बंद केला. रागानं जेवलीही नाई.

दुसऱ्या दिवशी डोकं थंड झाल्यावर समजलं, चूक सुकरीबाईची नाई, माह्या भाषेची होती. माह्या दहाही शब्दाईनं फक्त फोन वाजत. ज्याच्यापाशी फोन नाई, तो माणूस त्या भाषेत लिहिताच येत नोहोता. आता काय करायचं? तिच्यापर्यंत पोचाले एकच उपाय, कोणीतरी पायी जायचं. मंग मी अकरावा शब्द केला. 'जा'. हे काम कॉम्प्युटर करणार नाई, माणूस करन. कॉम्प्युटर फक्त त्याले सांगन आन थांबन. माणूस गेला, सांगतलं, परत आला, फोनवर 'आलो' दाबलं, का पुढची ओळ चालू.

पवनले वाचून दाखवलं. तो म्हणे, "आन नाईच दाबलं त्यानं तं? तुहा प्रोग्राम तिथीच लटकून राहीन न बे! टाइम लिमिट टाक."

ते बरोबर होतं. पहिल्याच वर्षी शिकवतात, कशाचीच अमर्याद वाट पाहायची नाई. मी चाळीस मिनिटं टाकले. जायले पंधरा, यायले पंधरा, दहा वरचे. हिशोब पक्का.

तिसऱ्या दिवशी सांजच्याले सभा पुन्हा बसली. कळप तवापर्यंत एका रात्रीच्या वाटेवर आला होता. कोणी जायचं, यावर पाच मिनिटंही लागले नाई. रानाच्या राखणीची जशी घरोघर पाळी असते तशीच, उगवतीच्या टोकापासून. मंग मी नवीन नियम वाचला. सुकरीबाई शेवटपर्यंत ऐकत होती.

"चाळीस मिनटं झाल्यावर काय होते?" तिनं विचारलं.

"मंग प्रोग्राम पुढं जाते. डबे वाजवायले सांगते."

"आन गेलेला मानूस?"

"येईनच न बाई तवापर्यंत."

"नाई आला तं?"

मी समजावलं. का प्रोग्रामले कुठंतरी थांबावंच लागते. जगात साऱ्याच भाषांमधी असंच असते. एका माणसाच्या पायी सारं अडकून राह्यलं तं त्याले काही अर्थ नाई. बोलता बोलता माहं मलेच समजलं का हे मागच्या सभेसारखंच होऊन राह्यलं, पण आता तोंडातून निघून गेलं होतं.

या वेळी एकटी सुकरीबाई नोहोती. पहिले बाया बोलल्या, मंग माणसं, मंग बाबाही बोलला. माणूस पल्याड असताना हत्ती तिकडं हाकलाचे, असं कसं? घड्याळ कायचं लावता? माणूस येईपर्यंत थांबायचं. आन नुसत्या कॉम्प्युटरनं थांबून काय होते? सारं गाव नाल्यावर थांबन, हातात डबे घेऊन. तो आल्याशिवाय कोणी कामाले जाणार नाई.

"कापणीच्या दिवसात?" मी म्हणलं. "चार तास लागले तं?"

"तं चार तास," चैतूभाऊ म्हणाले.

दात-ओठ खात मी चाळीस मिनिटाईची ओळ साऱ्याईसमोर खोडली आन लिहिलं, 'वाट पाय, येईपर्यंत'. मनात म्हणलं, घ्या, तुमची भाषा, तुमची चूक. पवन पाहीन तं वर्षभर हसन. सुकरीबाई म्हणाली, "आता लाव."

लावलं.

सकाळी सहाले दहा कमी असताना आमच्या घरचा फोन वाजला. बाहेर धुकं. मीच उचलला, आन माह्याच कानात माहाच आवाज आला, "कळप नाल्याजवळ आहे. आज पाळी इसरूच्या घराची. जा. सुकरीले सांगून ये."

उगवतीच्या टोकाचं पहिलं घर आमचंच. पाळी तिथूनच सुरू होणार, हे सभेत मी स्वतः टाइप केलं होतं. एका दमात, च्या पिता पिता.

बाबा भिंतीले धरून उठाले पाहत होता. जखमेतून अजून पाणी येऊन राह्यलं होतं. मी म्हणलं, "बस खाली. मी जाते." तो काई बोलाच्या आत फोनवर जाणाऱ्याच्या जागी माहं नाव टाकलं आन चप्पल घातली.

भ्याली मी. लय भ्याली. 'जा' हा शब्द किती बारका आहे न! टाइप कराले एक सेकंद लागत नाई. धुक्यात त्या शब्दापायी चालायले लागलं का समजते. नाल्यात गुडघाभर थंडगार पाणी होतं. वरच्या अंगाले कुठंतरी फांदी मोडली, कडकन. मी तिथीच उभी राह्यली. मंग वाटलं, मी परतली तं त्या बाईले कोण सांगन? दुसरी ओळच नाई. गेली.

सुकरीबाई उठून विस्तव पेटवत होती. "हत्ती," एवढंच म्हणलं मी. तिनं विस्तवावर पाणी टाकलं, काठी घेतली. दोघी बांधावरून नाल्याकडं वळलो आन थांबलो. आमच्या आन नाल्याच्या मधात, तिच्याच धानात, हत्ती होते. धुक्यात मोजता येत नोहोते. धान उपटून खाण्याचा आवाज मात्र साफ येत होता. तिनं माहा हात धरला आन मागं पहाडीकडं नेलं. एका उंच खडकाच्या मागं आमी बसलो, तोंडातून शब्द न काढता. फोन पाह्यला. टावर नाई.

सहा वाजून पंचवीस. सहा-सत्तावीस. मी घड्याळ पाहत होती, काऊन ते मले माहीत होतं. बरोबर साडेसहाले चाळीस मिनिटं होत होते. ती ओळ मी खोडली नसती तं साडेसहाले साऱ्या गावचे फोन वाजले असते. माह्या आवाजात निरोप गेला असता, 'आता डबे वाजवा'. पन्नास घराईनं डबे बडवले असते, फटाके लावले असते आन भडकलेला कळप सरळ पहाडीकडं वळला असता. आमी बसलो होतो तिथी. नियमच तसा होता. मीच केला होता.

साडेसहा झाले. सहा-एकतीस झाले. नाल्याकडून काहीच आवाज आला नाई. ना डबा, ना फटाका. एवढं मोठं गाव तिकडं उभं आहे आन कोणी खोकतही नाई.

माहे दात वाजू लागले. सुकरीबाईनं कानाजवळ येऊन विचारलं, "थंडी लागून राह्यली का, पोरी?"

मी नाई म्हणून मान हलवली. मंग सांगून टाकलं. का बाई, तुमी तवा नाई म्हणलं नसतं तं आज आपण दोघी मेलो असतो. तिचं लक्ष खाली होतं, खोपडीवर. एका हत्तीनं तिचं छप्पर सोंडेनं ओढून बाजूले टाकलं होतं आन तो आत धुंडाळत होता. "मिठाची पिशवी हाय आत," ती म्हणाली. "तेच पाह्यजे असन त्याले."

ऊन वर आलं, धुकं गेलं, तरी हत्ती हलत नोहोते. आठ वाजले. नऊ वाजले. दहाच्या पुढं एकेक करून ते वरच्या अंगाले निघाले आन बांबूत शिरले. आमी आणखी अर्धा घंटा थांबलो. मंग उतरलो. सुकरीबाईचं अर्धं धान गेलं होतं. ती बांधावर क्षणभर उभी राह्यली, खालून एक लोंबी उचलली आन चालू लागली.

नाल्याच्या वळणावर फोनले टावर भेटला आन तो थरथरतच राह्यला. दर दहा मिनिटाले पाठवलेला एकच निरोप, सत्तावीस वेळा. 'मोनाली आली का?' 'मोनाली आली का?' थांबायचं तं थांबायचं, पण मधामधात विचारत राह्यलं पाह्यजे, म्हणून ते मीच टाकलं होतं. पण तो निरोप फक्त माह्या फोनवर येत नोहोता. साऱ्या गावाच्या फोनवर येत होता.

वळण घेतलं आन दिसलं. सारं गाव काठावर उभं. पावणेअकरा वाजले होते, धान कापायचं सोडून पन्नास घरातली माणसं, लेकुरवाळ्या बाया, म्हातारे, साऱ्याईच्या हातात डबे, आन कोणाचा डबा वाजलेला नाई. कोणी हाक मारली नाई, कोणी धावत आलं नाई. नुसतं पाहत होते, आमी दोघी आहो ना, ते.

मी 'आली' दाबलं. पन्नास फोन एकदम वाजले. माह्या आवाजात निरोप आला, "मोनाली आली. आता डबे वाजवा." हत्ती कवाचेच गेले होते, वाजवायचं काही कारण नोहोतं. चैतूभाऊनं वाजवायले हात उचलला आन तसाच खाली घेतला. त्याचे डोळे भरले होते.

बाबा काठावर नोहोता. तो नाल्यात उभा होता, पाण्यात, फडका बांधलेला पाय घेऊन. फडका रक्तानं लाल झाला होता. पाच तास.

"अरे बाबा," मी ओरडली, "पायाले जखम आन पाण्यात काऊन उभा राह्यला तू? घरी जायचं होतं न!"

"कसा जाऊ?" तो म्हणाला. "'येईपर्यंत' असं लिवलं हाय न तुनं."

"मी नोहोतं लिहिलं, बाबा," मी म्हणलं. "तुमी साऱ्याईनं लिहायले लावलं होतं मले." आन तिथीच पाण्यात उभी राहून मी रडू लागली.